वरठीचा लोहमार्ग आणि प्रमाणित मापांची वाटचाल

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात वरठी हे गाव आहे. हावडा-नागपूर-मुंबई या देशातील प्रमुख लोहमार्गावर, नागपूरच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटर अंतरावर हे गाव वसलेले आहे. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र त्याचे नाव आढळत नाही. तेथील स्थानकाचे नाव भंडारा रोड असे आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण लोहमार्गापासून काही किलोमीटर दूर राहिले आणि रेल्वेला सोयीचे स्थळ म्हणून वरठी पुढे आले. पुढे येथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि कच्चा माल व तयार पोलाद यांची ने-आण याच रुळांवरून होऊ लागली.

या स्थानकावरून दररोज जाणाऱ्या मालगाड्या व प्रवासी गाड्या पूर्वेकडे थेट हावड्यापर्यंत आणि पश्चिमेकडे थेट मुंबईपर्यंत जातात. वाटेत कोठेही डबे बदलावे लागत नाहीत, पोती उतरवावी लागत नाहीत. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे एखादा निर्णय असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. तथापि याच वरठीच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही वर्षे अशी होती की येथून निघालेले धान्याचे पोते नागपूरला पोहोचताच एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. कारण एकच होते : दोन मार्गांच्या रुळांमधील अंतर निराळे होते. माप एक नसले म्हणजे काय घडते, याचा हा धडा जिल्ह्याच्या इतिहासातच लिहिलेला आहे. रेल्वेपुरताच नव्हे, तर धान्याचा काटा, जमिनीची मोजणी आणि ग्रामपंचायतीची कामे यांनाही तो लागू पडतो.

रुळांचे अंतर म्हणजे काय ?

लोहमार्गाचे माप म्हणजे दोन रुळांच्या आतल्या बाजूंमधील कमीत कमी अंतर होय. ते रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत नाहीत. रेल्वेच्या चाकाला आतल्या अंगाला एक कड असते आणि ती कड रुळाच्या आतल्या बाजूला लागून चाकाला मार्गावर ठेवते. म्हणून ज्या बाजूला कड टेकते त्या बाजूपासून अंतर मोजणे आवश्यक ठरते.

भारतात प्रामुख्याने चार मापे वापरात आली. रुंदमापी मार्ग, म्हणजेच सर्वांच्या परिचयाचा ब्रॉडगेज, हा पाच फूट सहा इंचांचा होय. दशमान पद्धतीत हे अंतर १,६७६ मिलिमीटर भरते. मीटरगेज नावाप्रमाणेच एक मीटरचा, म्हणजे १,००० मिलिमीटरचा असतो. नॅरोगेज दोन प्रकारचा असून त्यांपैकी एक अडीच फुटांचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा, तर दुसरा दोन फुटांचा, म्हणजे ६१० मिलिमीटरचा आहे. माथेरानची गाडी या शेवटच्या मापाच्या मार्गावर धावते. जगात सर्वाधिक प्रचार असलेले चार फूट साडेआठ इंचांचे, म्हणजे १,४३५ मिलिमीटरचे माप भारतात दीर्घकाळ मुख्य मार्गांवर आले नाही. अलीकडे मात्र मुंबई व नागपूर येथील मेट्रो मार्गांसाठी तेच स्वीकारण्यात आले आहे.

साडेपाच फुटांचा निर्णय

हिंदुस्थानात रेल्वे आणण्याचे ठरले, त्या सुमारास इंग्लंडमध्ये मापांवरून मोठा वाद चालू होता. तेथील ग्रेट वेस्टर्न या कंपनीचे मार्ग सात फुटांहून किंचित अधिक रुंद होते, तर इतर बहुतेक कंपन्यांचे चार फूट साडेआठ इंचांचे होते. ग्लॉस्टर येथे दोन्ही मार्ग एकत्र येत आणि तेथे सारा माल हातांनी हलवावा लागे. अखेर १८४६ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. तरीही रुंद मार्गांचा शेवटचा अवशेष नाहीसा होण्यास १८९२ साल उजाडले.

हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी हे त्यापूर्वी इंग्लंडच्या व्यापार मंडळात असल्यामुळे हा वाद त्यांनी जवळून पाहिला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा कल इंग्लंडमधील मापाकडे होता. सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी साडेपाच फुटांची शिफारस केली. डलहौसी यांना सहा फूट पसंत होते. शेवटी साडेपाच फूट हे माप निश्चित झाले. रुंद मार्गावर गाडी अधिक स्थिर राहते आणि यंत्रांना चाकांमध्ये पुरेशी जागा मिळते, असा विचार त्यामागे होता. परंतु माप कोणतेही असो, ते सर्व देशात एकच असावे, हा डलहौसी यांचा आग्रह त्याहूनही महत्त्वाचा होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी याच मापाच्या रुळांवरून धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग घाट ओलांडून, खानदेश व वऱ्हाड पार करून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. विदर्भाचा कापूस मुंबई बंदरात थेट जाऊ लागला. वैनगंगेचे खोरे आणि त्यापलीकडील छत्तीसगडचा भातप्रदेश मात्र अद्याप बैलगाडीवरच अवलंबून होता.

मीटर हिंदुस्थानात कसा आला ?

एका मापाचे धोरण वीस वर्षेही टिकले नाही. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. त्यामुळे खर्चावर आळा राहिला नाही आणि त्याचा बोजा सरकारी तिजोरीवर पडू लागला. १८६९ नंतर सरकारने स्वतः मार्ग बांधण्याचे ठरविले, तेव्हा कमी खर्चाचा अरुंद मार्ग निवडण्याकडे कल झाला. रूळ हलके, पूल लहान, वळणे आखूड, म्हणजे खर्च कमी, असा हिशेब होता.

गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्यापुढे तज्ज्ञांची निरनिराळी मते आली. कोणी पावणेतीन फूट सुचविले, तर कोणी साडेतीन फूट. मेयो यांनी मधला मार्ग काढून सव्वातीन फूट मान्य केले. याच सुमारास हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याचा विचार सरकार दरबारी चालू होता. मीटर हा सव्वातीन फुटांपेक्षा अर्ध्या इंचाहूनही कमीच मोठा आहे. तेव्हा नव्या लोहमार्गाचे माप पूर्ण एक मीटरच ठेवावे, असा निर्णय झाला आणि त्यावरूनच मीटरगेज हे नाव पडले. या मापाचा पहिला मार्ग १८७३ मध्ये दिल्ली व रेवाडी यांदरम्यान सुरू झाला.

यापुढील घटना अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या दशमान मापांच्या भरवशावर लोहमार्गाचे माप ठरले, ती मापे बाजारात आलीच नाहीत. १८७१ मध्ये कायदा झाला. शेर हा एका किलोग्रॅमइतका धरावा अशी तरतूद त्यात होती. परंतु १८७२ च्या फेब्रुवारीत मेयो यांची अंदमानात हत्या झाली आणि कायदा कागदावरच राहिला. लोकव्यवहारात फूट, गज, शेर व मण पूर्ववत चालू राहिले. मीटर मात्र हजारो मैल लांबीच्या रुळांत पक्का बसला. ज्या देशात कोणत्याही दुकानात मीटरची पट्टी मिळत नव्हती, त्या देशात मीटरच्या अंतराने रूळ टाकले जात होते.

नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण व पश्चिम हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. एका भागात धान्याचा कण नाही आणि दुसऱ्या भागात साठा पडून आहे, असे चित्र दिसले. छत्तीसगड हा भाताचा प्रदेश होता, परंतु तेथील धान्य बाहेर नेण्यास साधन नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही दुष्काळापासून संरक्षण देणाऱ्या लोहमार्गांची गरज स्पष्टपणे मांडली. या पार्श्वभूमीवर नागपूरपासून राजनांदगावपर्यंतचा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सरकारने हाती घेतला आणि १८८२ मध्ये तो पूर्ण झाला.

कमी खर्चाच्या धोरणानुसार हा मार्ग मीटरगेज होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील वरठी, तुमसर, गोंदिया हा सारा पट्टा त्याच मार्गावर आला. अशा रीतीने भंडारा जिल्ह्याच्या भूमीवर मीटर हे माप प्रथम लोखंडाच्या रूपाने अवतरले. त्याच वेळी जवळच्या बाजारात भात पायलीने व कुडोने मोजला जात होता, कापड गजाने फाडले जात होते आणि अंतर कोसांत सांगितले जात होते.

मापबदलाची किंमत

अडचण नागपूरला होती. मुंबईकडून येणारा मार्ग साडेपाच फुटांचा होता आणि छत्तीसगडकडून येणारा एक मीटरचा. एका मार्गाची वाघीण दुसऱ्यावर जाणे अशक्य होते. राजनांदगाव, गोंदिया, तुमसर किंवा भंडारा रोड येथे भरलेले प्रत्येक पोते नागपूरला उतरवून पुन्हा भरणे भाग होते.

या कामाचे स्वरूप कळण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. समजा, वीस वाघिणींच्या गाडीत प्रत्येकी पंधरा टन, म्हणजे एकूण तीनशे टन धान्य आहे. शंभर किलोचे एक पोते धरले, तर तीन हजार पोती झाली. एका हमालाने दिवसभरात साठ पोती एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत नेली असे धरल्यास एका गाडीसाठी पन्नास हमालांना पूर्ण एक दिवस लागेल. तेवढा वेळ दोन्ही मार्गांच्या वाघिणी अडकून पडतील. पोती फाटणे, धान्य सांडणे, पावसात भिजणे व चोरी होणे हे नुकसान निराळेच. शिवाय एका बाजूला गाडी आली आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या वाघिणी नसल्या, तर माल फलाटावर पडून राहणार. मार्ग बांधताना जो पैसा वाचला, तो अशा प्रकारे दररोज थोडाथोडा खर्च होत राहतो. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पण मापबदलाची किंमत मार्ग असेपर्यंत द्यावी लागते.

अन्य देशांनाही हा अनुभव आला आहे. ऑस्ट्रेलियात निरनिराळ्या वसाहतींनी निरनिराळी मापे स्वीकारली. सिडनी व मेलबर्न या दोन मोठ्या शहरांना जोडणारा एकाच मापाचा मार्ग तेथे १९६२ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत प्रवाशांना सीमेवर गाडी बदलावी लागे. एकदा चुकलेले माप दुरुस्त होण्यास पिढ्या लागतात, हेच यावरून दिसते.

सहा वर्षांत बदललेला मार्ग

वरठीच्या सुदैवाने हा काळ अल्प ठरला. नागपूर ते कलकत्ता असा जवळचा मार्ग बांधण्यासाठी १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिने नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग ताब्यात घेतला आणि १८८८ मध्ये त्याचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये केले. पुढे राजनांदगावपासून बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत मार्ग वाढविण्यात आला आणि १८९१ मध्ये तो मालवाहतुकीस खुला झाला. १९०० च्या सुमारास खरगपूरमार्गे हावड्याशी थेट संबंध जोडला गेला. मुंबई व कलकत्ता या दोन महानगरांना जोडणारा हा मार्ग वरठीवरून जातो. जुना मीटरगेज तसाच ठेवला असता, तर हे शक्य झाले नसते.

मापाचे रूपांतर म्हणजे केवळ रूळ सरकविणे नव्हे. मार्गाचा भराव रुंद करावा लागतो, पूल अधिक भाराचे करावे लागतात, लाकडी स्लीपर लांब घ्यावे लागतात आणि इंजिने व डबे सर्वच बदलावे लागतात. अवघ्या सहा वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या मार्गासाठी हा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. प्रथम केलेली काटकसर अशा रीतीने महाग पडली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मार्ग एकाच मापाचा झाला म्हणून दुष्काळ टळला, असे झाले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतात अपार हानी झाली. रेल्वेने धान्य येऊ शकते, तसेच ते जाऊही शकते. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याच्या गावाजवळून धान्याची गाडी गेली तरी त्याची चूल पेटत नाही. साधने उत्तम असली तरी त्यांचा उपयोग कोणाच्या हितासाठी होतो, हे प्रशासनावर अवलंबून असते.

अरुंद मार्गांचा पट्टा

मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाला, तरी आसपासच्या डोंगराळ व वनप्रदेशात स्वस्त मार्गांची गरज होतीच. बंगाल नागपूर रेल्वेने त्यासाठी अडीच फुटांचा नॅरोगेज निवडला. गोंदियापासून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंतचा सातपुडा लोहमार्ग १९०५ च्या सुमारास पूर्ण झाला. नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड आणि गोंदिया-नागभीड-चांदा हे मार्गही याच मापाचे होते. वनोपज, लाकूड, खनिजे व खेड्यापाड्यांतील प्रवासी यांची या छोट्या गाड्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

महाराष्ट्राच्या अन्य भागांतही अशीच परिस्थिती होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अडीच फुटांच्या मापावर सुरू झाली आणि पंढरीच्या वारकऱ्यांना तिचा मोठा उपयोग झाला. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी शकुंतला याच मापाची होती. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता आणि १९७१ मध्ये त्याचे रूपांतर झाले.

१९९२ मध्ये भारतीय रेल्वेने एकमापी धोरण जाहीर केले. देशातील मीटरगेज व नॅरोगेज मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये आणण्याचा हा कार्यक्रम होता. त्यानुसार गोंदिया-चांदा मार्ग १९९० च्या दशकात बदलला गेला. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागपूर-नागभीड मार्गावरील नॅरोगेज २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद झाली. डलहौसी यांनी एका मापाचा आग्रह धरला, त्याला तोवर दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती.

बाजारात आलेला मीटर

रुळांची मापे एक होत असताना बाजारातील मापांची स्थिती त्याहून बिकट होती. मण हा शब्द सर्वत्र एकच होता, परंतु त्याचे वजन गावोगाव बदलत असे. सरकारी मण चाळीस शेरांचा व शेर ऐंशी तोळ्यांचा होता. एका तोळ्याचे वजन चांदीच्या रुपयाइतके होते. म्हणून ऐंशी रुपये पारड्यात टाकले म्हणजे शेर तोलता येई. आजच्या मापात हा शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण सुमारे ३७.३ किलोग्रॅम भरतो. परंतु स्थानिक शेर व मण याहून लहानमोठे असत. भातासारखे धान्य तर वजनाऐवजी मापाने मोजले जाई. पायली सपाट की शिगेची, भात कोरडा की ओलसर, माप हलवून भरले की हलक्या हाताने, यावर शेतकऱ्याचे उत्पन्न ठरे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, ही तक्रार म्हणूनच गावोगाव ऐकू येई.

स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ दूर करण्याचे पाऊल उचलण्यात आले. १९५६ मध्ये वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा संसदेने संमत केला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅम, मीटर व लिटर ही मापे देशभर रूढ करण्यात आली. हा बदल एका रात्रीत न करता, काही काळ जुनी व नवी मापे शेजारी शेजारी ठेवून केला गेला. शाळांतून कोष्टके शिकविली गेली, दुकानांत रूपांतराचे तक्ते लागले. १८७१ चा कायदा जेथे अपयशी ठरला, तेथे हा कायदा यशस्वी झाला, कारण कायद्याबरोबर शिक्षण व पूर्वतयारी होती.

वरठीच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. १८८२ च्या सुमारास मीटर लोहमार्गावर आला, १८८८ मध्ये तो उखडला गेला आणि सुमारे पाऊणशे वर्षांनी कापडाच्या दुकानातून तो कायमचा परत आला.

प्रमाण कोठे असते ?

मीटर म्हणजे किती, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार अधिकाधिक काटेकोर होत गेले. फ्रान्समध्ये प्रथम तो उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग मानला गेला आणि १७९९ मध्ये त्याची प्लॅटिनमची पट्टी करण्यात आली. २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे सतरा राष्ट्रांनी मीटर करार केला. भारत या करारात १९५७ मध्ये सामील झाला. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो, ते अंतर म्हणजे मीटर अशी व्याख्या आहे. किलोग्रॅम मात्र २०१९ पर्यंत पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून होता. २० मे २०१९ पासून तोही निसर्गातील एका स्थिरांकाशी जोडला गेला.

भारताची राष्ट्रीय प्रमाणे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जातात. त्यांच्याशी संदर्भ प्रमाणे, संदर्भ प्रमाणांशी दुय्यम प्रमाणे आणि दुय्यम प्रमाणांशी निरीक्षकांजवळील कार्यकारी प्रमाणे ताडून पाहिली जातात. निरीक्षक या कार्यकारी प्रमाणांच्या आधारे बाजारातील वजने व काटे तपासून त्यांवर मुद्रा उमटवितात. अशा रीतीने खेड्यातील दुकानदाराच्या किलोचे नाते दिल्लीतील प्रमाणाशी जुळते. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार हे काम चालते आणि व्यापारात अप्रमाणित मापे वापरण्यास त्याने मनाई केली आहे. मुद्रा नसलेले किंवा मुदत संपलेले वजन दिसायला कितीही चांगले असले, तरी त्याचा विश्वास धरता येत नाही.

मुभा आणि मर्यादा

कोणतेही माप शंभर टक्के अचूक नसते. म्हणून प्रमाणाबरोबरच चुकीची मर्यादाही ठरवावी लागते. लोहमार्ग हे याचे उत्तम उदाहरण होय. ब्रॉडगेजच्या जोडचाकांच्या आतील बाजूंमधील अंतर १,६०० मिलिमीटर असते. चाकांच्या कडांची जाडी वजा जाता रुळांच्या दरम्यान दोन्ही बाजू मिळून अवघी दीड-दोन सेंटीमीटर मोकळीक उरते. ही मोकळीक नसेल तर चाक अडकेल, फार असेल तर गाडी डोलेल आणि मर्यादेबाहेर गेली तर चाक रुळांच्या आत उतरेल. काँक्रीटच्या स्लीपरांवरील नव्या मार्गात तर हे अंतर १,६७६ ऐवजी १,६७३ मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. हे तीन मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु वेगवान गाडीला जाणवतात. ऊन, थंडी व पाऊस यांत मार्गावर काम करणारे गँगमन व कीमन मापपट्टी लावून हे अंतर तपासत असतात. हजारो प्रवाशांची सुरक्षितता त्यांच्या हातातील त्या पट्टीवर अवलंबून असते.

हाच विचार धान्याच्या काट्याला लावून पाहावा. चाळीस किलोच्या एका कट्ट्यामागे काटा अर्धा किलो चुकत असेल, तर शंभर कट्ट्यांमागे पन्नास किलो भात शेतकऱ्याच्या हातून जातो. हे प्रमाण शेकडा सव्वा होते. रेल्वेच्या रुळात शेकडा सव्वा म्हणजे सुमारे एकवीस मिलिमीटरची चूक झाली, तर सरळ मार्गावरील गाड्यांचा वेग तत्काळ कमी करावा लागेल. मग शेतकऱ्याच्या काट्यावर तेवढीच चूक किरकोळ का मानावी ?

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

हा विषय वर्गात शिकविण्यासाठी फार साहित्य लागत नाही. शिक्षकांनी सहा फुटांची एक दोरी घेऊन पटांगणावर चुन्याने १,६७६, १,४३५, १,००० व ७६२ मिलिमीटर अंतराच्या समांतर रेषा आखाव्यात. विद्यार्थ्यांनी त्यांवर उभे राहून फरक पाहावा. साडेपाच फुटांचे इंच करून २५.४ ने गुणावे, म्हणजे १,६७६.४ हे उत्तर येते. व्यवहारात दशांश का सोडला, यावर चर्चा करता येईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची वीत व हात मोजून त्यांची सरासरी काढावी. प्रत्येकाचा हात निराळा, मग कापड कोणाच्या हाताने मोजायचे, या प्रश्नातूनच प्रमाणाची गरज त्यांच्या लक्षात येईल. स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तीही मापांच्या पाठात उपयोगी पडते. मात्र प्रत्यक्ष लोहमार्गावर विद्यार्थ्यांना नेऊन मापे घेणे धोक्याचे व नियमाविरुद्ध आहे. असे प्रयोग पटांगणावरच करावेत.

पंचायत सदस्यांनी तीन बाबींकडे लक्ष पुरवावे. पहिली बाब आठवडी बाजार व धान्य खरेदीचे ठिकाण. तेथील काट्यांवर चालू मुदतीची मुद्रा आहे किंवा नाही, हे पाहण्यास कोणत्याही विशेष ज्ञानाची गरज नाही. शंका आल्यास वैधमापन निरीक्षकांकडे तक्रार करता येते. दुसरी बाब जमिनीची. सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते, तर बोलण्यात एकर चालतो. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, एवढे कोष्टक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले तर अनेक वाद सुरू होण्यापूर्वीच मिटतील. तिसरी बाब बांधकामांची. रस्ता, नाली किंवा खोली यांचे काम मोजमाप पुस्तिकेत नोंदले जाते व त्यानुसार रक्कम दिली जाते. मोजणी होत असताना सदस्यांनी हजर राहावे आणि लांबी, रुंदी व जाडी ही तिन्ही मापे स्वतः पाहावीत. रस्त्याची लांबी सर्वांना दिसते, जाडी मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

नागपूर-छत्तीसगड लोहमार्गाच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. माप निवडणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. स्वस्त म्हणून वेगळे माप घेतले, तर त्याची किंमत शेवटी ओझे उचलणाऱ्याला आणि माल पिकविणाऱ्याला द्यावी लागते. एकच माप सर्वांना लागू असले आणि ते प्रामाणिकपणे राखले गेले, तर दूरचा ग्राहक व खेड्यातील शेतकरी एकमेकांना न पाहताही विश्वासाने व्यवहार करू शकतात. लोहमार्गावर हे माप राखण्यासाठी रोज तपासणी होते. गावातील काटा, मोजणीची साखळी व कामाची नोंद यांचीही तशीच नियमित तपासणी होणे अगत्याचे असून, ती ग्रामपंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांच्या सहकार्यानेच साध्य होईल.